नवव्या ट्रंकेतला उजेड

आमच्या घरात ट्रंका नऊ. काळ्या, पत्र्याच्या, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव घातलेल्या. नवरा फौजेत असला की दर दोन-तीन वर्षांनी सगळा संसार असल्या ट्रंकांत भरायचा, ट्रकवर चढवायचा आणि नव्या गावी उतरवून घ्यायचा. यातल्या आठ नवऱ्याच्या नावाच्या. नववी माझ्या सासऱ्यांची. तेही फौजेतच होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी घर बांधलं आणि त्यात जेमतेम चार वर्षं राहून गेले. नोकरीभर त्यांच्या वाट्याला एक तर बर्फ आला नाही तर वाळू. बदलीच्या अर्जात मात्र दर वेळी एकच गाव लिहायचे, जयपूर. तिथे कुटुंबाला नेता येतं, क्वार्टर चांगली मिळते आणि पोरांना शाळा आहे, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते त्यांना कधी मिळालं नाही. मिळालं त्यांच्या मुलाला, आणि मग त्याच्याबरोबर मी, आमची नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि ती नववी ट्रंक असे सगळे जयपूरला आलो.

ट्रंकांच्या बाबतीत सासूबाईंचे दोन कायदे आहेत. पहिला, भरायला घेतलेल्या ट्रंकेत आधी गणपती. अंगठ्याएवढा, पांढुरक्या प्लॅस्टिकचा, आतल्या कोपऱ्यात मेणाने चिकटवलेला. मग कपडे, भांडी, काय असेल ते. दुसरा, एकही ट्रंक मागे ठेवायची नाही. एका बदलीत मी गंजलेली एक ट्रंक भंगारात देऊन टाकू म्हणाले, तर दोन दिवस त्या माझ्याशी नवऱ्यामार्फत बोलत होत्या.

मी भौतिकशास्त्र शिकवते. हे वाक्य मी पाच गावांतल्या पाच कॉलेजांत म्हटलं आहे. डॉक्टरेट लग्नाआधी झाली. नंतर प्रत्येक गावी काहीतरी काम सुरू करायचे, ते रंगात यायचं आणि बदलीचा कागद यायचा. एका ठिकाणी अर्धी बांधलेली भट्टी टाकून आले, एका ठिकाणी लेसरची सहा महिन्यांची जुळणी. मी तशी तापट आहे, आणि अर्धवट राहिलेल्या कामाने माझं डोकं जितकं फिरतं तितकं दुसऱ्या कशाने फिरत नाही. म्हणून जयपुरातल्या जगतपुऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रुजू झाले तेव्हाच ठरवलं होतं, इथे एकच गोष्ट करायची आणि ती पुरी करायची.

ती गोष्ट तिथल्या कपाटात सापडली. एक जुना टनेलिंग मायक्रोस्कोप, वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला. या मायक्रोस्कोपला भिंग नसतं. असते ती धातूची एक सुई. ती पृष्ठभागाच्या इतक्या जवळ न्यायची की मध्ये दोन-तीन अणू बसतील एवढीच फट उरली पाहिजे, आणि टेकता मात्र कामा नये. मग थोडं व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन ती फट पार करतात. खरं म्हणजे ती ओलांडायची ताकद त्यांच्यात नसते. पण इलेक्ट्रॉन असल्या गोष्टी मनावर घेत नाहीत, ते पलीकडे निघतात. तो बारीकसा प्रवाह मोजत सुई फिरवत नेली की पृष्ठभागाचा नकाशा मिळतो. एवढं पुष्कळ ठिकाणी करतात.

मला हवं होतं ते त्याच्या पुढचं. पलीकडे जाता जाता हजारो-लाखोंतला एखादा इलेक्ट्रॉन आपल्याजवळची ऊर्जा वाटेतच टाकतो. त्या धक्क्याने सुईच्या टोकातले आणि खालच्या सोन्यातले इलेक्ट्रॉन एकदम हिंदकळतात, परात उचलताना आतलं पाणी हिंदकळावं तसे, आणि त्या हिंदकळण्यातून प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो. सुई तापलेली नसते, कुठे काही जळत नसतं, आणि तरी त्या फटीत उजेड असतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलं होतं, फळ्यावर शंभरदा काढलं होतं. आता मला तो उजेड माझ्या यंत्रातून निघालेला हवा होता, आणि तोही नवऱ्याच्या बदलीच्या आधी.

असला उजेड नुसत्या डोळ्यांनी बघायची आशा मी ठेवली नव्हती. प्रकाशाचा एकेक कण मोजणारी एक नळी असते, ती दुसऱ्या एका विभागाने परत करण्याच्या बोलीवर दिली. नळी मिळाली, आता अंधार हवा होता, आणि तो काही केल्या मिळेना. खोलीला काळे पडदे लावले, दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. तरी कुठल्या तरी यंत्रावरचा हिरवा ठिपका राहायचाच, आणि नळीला तो दिसायचा. तिला सगळंच दिसायचं. माझ्याबरोबर एम.टेक.ची एक विद्यार्थिनी काम करायची. शहरातल्या सोडाल्याहून स्कूटरवर यायची, हाताने अचूक आणि बोलायला अगदी कमी. एक दिवस तिनेच पोतं पायाने सरकवत म्हटलं, "मॅम, कमरा नहीं, कोई पेटी चाहिए. लोहे की."

पेटी म्हटल्यावर फौजीच्या बायकोला आणखी काय आठवणार?

आमच्या आठांपैकी सगळ्यांत मोठी ट्रंकही आखूड पडत होती. सासऱ्यांची जुन्या मापाची, खोल. मी दोन दिवस धीर गोळा केला आणि सासूबाईंना विचारलं. त्या गवार निवडत होत्या. हातातली शेंग मोडून झाल्यावर म्हणाल्या, "त्येंची ट्रंक?"

"काही होणार नाही आई तिला. गोधड्या मी दुसऱ्या ट्रंकेत नीट घालते."

"काय ठिवनार तिच्यात?"

"अंधार," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गवारीला लागल्या. गवार निवडून झाल्यावर म्हणाल्या, "न्हे. पन बदलीचा कागद आला की माघारी पायजे. गाडीत चढायच्या आदी."

मी कबूल झाले. ट्रंकेतला गणपती काढून त्यांच्या हातात दिला, कारण ती आतून काळी रंगवायची होती. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका मिस्त्रीने वायरींसाठी आणि नळीसाठी भोकं पाडून दिली, झाकणाच्या कडेला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा लावला. "मॅडमजी, इसमें तो अब धूल भी पूछके जाएगी," तो म्हणाला. रंगाचा वास जाईपर्यंत दोन दिवस ट्रंक आमच्या व्हरांड्यात होती, मग ती कॉलेजात गेली. हे दोन दिवस लक्षात ठेवा.

ट्रंकेत आम्ही स्कूटरच्या जुन्या ट्यूबांवर संगमरवराची एक लादी टांगली आणि लादीवर मायक्रोस्कोप ठेवला. हादरे सुईपर्यंत पोचू नयेत म्हणून हा झोपाळा. तरीही जगतपुरा स्टेशनातून गाडी गेली की आम्ही हातातलं काम थांबवायचो. सुईसाठी सोन्याची तार हवी होती, ती शहरातल्या कुंदनकाम करणाऱ्या एका सोनाराने ओढून दिली. त्याच्याकडचं सोनं शुद्ध. ती तार मी कात्रीने तिरकी कापून टोक काढणार आणि बिघडलं की पुन्हा कापणार, हे ऐकल्यावर मात्र त्याने मागवलेला चहा मला दिलाच नाही.

सगळं जुळत आलं होतं, तेवढ्यात मार्चच्या अखेरीला कागद आला. नवऱ्याची बदली ईशान्येकडे. सामानाच्या ट्रकची तारीख तीन आठवड्यांनंतरची. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. सासूबाईंनी ताटात दुसरी भाकरी वाढता वाढता फक्त विचारलं, "झालं का तुजं?"

"नाही अजून."

"मंग कर की," त्या म्हणाल्या.

म्हणून मी घाई केली. घाईत माणूस जे करतो ते सगळं केलं.

दुसऱ्याच आठवड्यात नळी बोलू लागली. मोजणीयंत्राला विद्यार्थिनीने एक लहानसा स्पीकर जोडला होता. प्रकाशाचा एक कण आला की एक टिक. पूर्ण अंधारातही अशी नळी अधूनमधून आपलीआपण टिक करते, ते आम्ही गृहीत धरलेलं. पण त्या दिवशी नवी सुई लावून, ट्रंक बंद करून नळी चालू केली, तर टिक टिक नव्हे, कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. मी खुर्चीतून उठले. आमच्या विभागप्रमुखांच्या खोलीपर्यंत जवळजवळ धावतच गेले. निवृत्तीला आलेले, कधी आवाज न चढवणारे जयपूरचे गृहस्थ. ते येऊन पाच मिनिटं हात मागे बांधून ती तडतड ऐकत उभे राहिले, मग म्हणाले, "मॅडम, जाते-जाते कमाल कर दिया." आणि सगळ्या विभागासाठी प्याज कचोरी मागवली.

पुढचे दोन दिवस मी हवेत होते. सुई नवी लावली की उजेड भरपूर, मग तासाभरात कमी कमी होत जायचा. मी त्याचं कारणही शोधून काढलं. सोनं मऊ, टोक बोथट होतं, म्हणून उजेड घटतो. वहीत तसं झोकात लिहून ठेवलं. विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "मॅम, एक बार वोल्टेज ज़ीरो करके देख लें?"

मी तिच्यावर खेकसले. वेळ किती उरलाय ठाऊक आहे का, चालू असलेली सुई कशाला बंद करायची, असलं बरंच काही. ती पुन्हा आकडे उतरवू लागली. मी पाच गावांत पोरांना पहिल्या तासाला हेच शिकवत आले होते की दिवा लागला असं वाटलं तर आधी बटण बंद करून बघा. आणि माझी वेळ आली तेव्हा बटणाला हात लावायची भीती वाटली. ही भीती मला तेव्हाच कळली होती, फक्त मी ती ओरडण्याखाली दडपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आधी मी एकटी गेले. नवी सुई लावली, ट्रंक बंद केली, तडतड सुरू झाली. व्होल्टेज शून्य केलं. तडतड चालूच. सुई चांगली मिलिमीटरभर वर उचलली. आता फट नाही, प्रवाह नाही, काहीच नाही. आणि ती मोहरी आपली तडतडतेच आहे.

उजेड होता, पण सुईचा नव्हता. मी नळी बंद केली, खोलीचे दिवे घालवले, ट्रंकेचं झाकण उघडलं आणि आमच्या घरचं एक जाड ब्लँकेट डोक्यावरून घेऊन आत वाकले. बाहेर सकाळचे दहा वाजलेले, एप्रिलचं ऊन, आणि मी ब्लँकेटखाली घामाघूम. पाचेक मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले. समोर, ट्रंकेच्या काठाची पट्टी आत वळलेली असते तिच्या बरोबर खाली, उभ्याने दिसू नये अशा जागी, हिरवट उजेडात न्हालेला गणपती मांडी घालून बसला होता. सोंड, कान, हातातला मोदक, सगळं स्पष्ट.

माझा पारा चढला तो असा की ब्लँकेटमधून बाहेर पडताना डोकं झाकणाला आपटलं. कपाळ चोळत खाली बसले, आणि मग मला हसू आलं. एकटीच हसत सुटले. विद्यार्थिनी दारात आली तेव्हा मी जमिनीवर बसून डोळे पुसत होते आणि ती बिचारी घाबरली. तिला ब्लँकेटखाली पाठवलं. आतून आवाज आला, "मॅम, ये तो रेडियमवाले गणपतिजी हैं."

सगळं उलगडलं. सुई बदलायला आम्ही झाकण उघडायचो. खोलीतला उजेड गणपती पिऊन घ्यायचा आणि झाकण लावल्यावर तासभर थोडा थोडा परत द्यायचा. नव्या सुईचा उजेड, बोथट झालेलं टोक, माझी झोकदार वही, सगळा त्याचा प्रताप. अकरा वर्षं ते गणपती माझ्या रोजच्या पाहण्यातले, पण बंद ट्रंकेत काय चालतं ते बघायला आत कोण बसणार? मी आधी विद्यार्थिनीची माफी मागितली. स्पष्ट शब्दांत मागितली, कारण खेकसलेही स्पष्ट शब्दांतच होते. मग विभागप्रमुखांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "कचोरी तो हजम हो गई, मॅडम. अब वापस क्या करें."

घरी गेल्यावर मी सासूबाईंसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "आई, ट्रंकेत गणपती कोणी लावला?"

"मी," त्या म्हणाल्या. लपवाछपवी नाहीच. "वाळायला ठिवलीवतीस व्हरांड्यात, तवा."

"मी तुमच्या हातात काढून दिला होता ना?"

"दिलावतास. मंग मी परत लावला. घरातनं ट्रंक बाहिर चालली आन् आत देव न्हाई, आसं कसं?"

"पण तो अंधारात चमकतो आई! मला आत अंधार हवा होता."

त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की चूक माझीच. "चमकनाराच हाय त्यो. म्हनून तर आनले. पैल्या बदलीला जत्रंत घेतले मी. मालगाडीत चार-चार दिस ट्रंक बंद. आत काळाकुट्ट अंधार. देवाला अंधारात बशिवायचं व्हय?"

मुलगी मध्ये लुडबुडली. "आई, मतलब तुझ्या मशीनमध्ये लाइट बाप्पाची होती?" आणि ती सोफ्यावर आडवी होऊन हसायला लागली. नवरा युनिफॉर्मचे बूट काढत होता, तो एका पायात बूट तसाच ठेवून हसत होता. मला रागवायचं होतं. पण पहिल्या बदलीला जत्रेत उभी असलेली, एकोणीस-वीस वर्षांची, एकेका ट्रंकेसाठी एकेक चमकणारा गणपती निवडून घेणारी ती बाई मला दिसायला लागली, आणि राग कुठल्या कुठे गेला.

गणपती काढायला त्या स्वतः आल्या. मला हात लावू दिला नाही. प्रयोगशाळेत चप्पल बाहेर काढून शिरल्या, गुळाचा खडा ठेवला, नखाने मेण सोडवलं आणि गणपती रुमालात बांधून पिशवीत घातला. ट्रंकेच्या झाकणावरून, सासऱ्यांच्या पुसट झालेल्या नावावरून हात फिरवला. जाताना म्हणाल्या, "शनिवारी दुपारी न्ह्यायला येतो. सोमवारी गाडी हाय."

तो दिवस सोमवार होता. म्हणजे हातात पाच दिवस.

मंगळवारी अंधार मिळाला, अगदी खराखुरा. नळीची आपलीआपण होणारी टिक, तीही मोजकी. उजेड नाही. बुधवारी सुया कापल्या, टेकल्या, वाकल्या. गुरुवारी दुपारभर स्टेशनात मालगाड्यांची रांग लागली आणि आम्ही ट्रंकेशेजारी हात बांधून बसलो. शुक्रवारी सोन्याचा थर दिलेली काच बदलली. व्होल्टेज वाढवलं, कमी केलं. उजेड नाही. विद्यार्थिनी त्या आठवड्यात रोज सोडाल्याहून आठ वाजता हजर. मी तिला म्हटलं, मी गेले तरी तू हे कर. ती म्हणाली, "पेटी तो आप ले जाएँगी, मॅम." ते मला माहीत होतं. शब्द दिला होता, आणि तो दिला होता अशा माणसाला की ज्याच्याकडे नवऱ्याच्या वस्तूंपैकी हीच एक मोठी वस्तू उरली होती. कॉलेजकडून दुसरी पेटी मंजूर होऊन येईपर्यंत नळी परत करायची वेळ आली असती. मीही गेलेली असते. सहाव्या गावी मी पुन्हा अर्धवट कामाची बाई म्हणून उतरणार, हे मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं.

शनिवारी दोन वाजता नवरा गाडी घेऊन आला. मागे सासूबाई आणि मुलगी. "झालं का?" त्याने विचारलं. "एक शेवटची सुई," मी म्हटलं. तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. सासूबाई स्टुलावर बसल्या, मुलगी त्यांच्या मांडीला टेकून.

सुई विद्यार्थिनीने कापली. झाकण लावलं, दिवे घालवले, नळी चालू केली. सुई खाली आली, प्रवाह सुरू झाला. एक व्होल्ट. टिक... बऱ्याच वेळाने टिक. अंधाराचीच ती. दीड. तसंच. मी दोन केले. टिक, टिक टिक. अडीच.

तडतड.

गेल्या वेळेसारखी एकसारखी नव्हे. थोडी धावती, थोडी अडखळती. मी लगेच बटण मागे फिरवलं, एक व्होल्ट. शांत. पुन्हा अडीच, तडतड. शून्य केलं, शांत. सुई वर उचलली, शांत. परत खाली, परत तडतड. हा उजेड माझं ऐकत होता. मी "लाव" म्हटलं की लागत होता, "थांब" म्हटलं की थांबत होता. दहा-बारा वेळा करून बघितलं. विद्यार्थिनीने दरवेळचा आकडा वहीत उतरवला, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मॅम, ज़ीरो पे ज़ीरो." मी तिला मिठी मारली. इतका आनंद मला डॉक्टरेट मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

"आई, आत्ताची लाइट खरी आहे ना?" मुलीने विचारलं. "बाप्पाची नाही?"

"सुईची," मी म्हटलं. "सोन्याच्या सुईची."

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. "ह्यो आवाज उजेडाचा?"

"हो आई. एकेक टिक म्हणजे उजेडाचा एकेक कण."

"आत्ता आत उजेड हाय? ट्रंकंत?"

"आहे. डोळ्यांना दिसायचा नाही एवढा थोडा. पण आहे."

त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि ट्रंकेला कान लावायला निघाल्या. त्यांना स्पीकर दाखवला. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "किती येळ चालतं ह्ये?"

"सुई जाग्यावर असेपर्यंत. बिघडली की दुसरी कापायची."

"आन् तू गेल्यावर?"

"ही करेल," मी विद्यार्थिनीकडे बोट दाखवलं.

"आन् ट्रंक न्हेल्यावर?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "मग नाही. दुसरी पेटी होईपर्यंत बंद. किती दिवस ते माहीत नाही."

मी उठून वायरी सोडवायला लागले. पहिली वायर काढायला हात घातला तर त्यांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

"आई, मी शब्द दिलाय. तुमचाच कायदा आहे, ट्रंक मागे ठेवायची नाही."

"रिकामी न्हाई ठिवायची. अंधारी न्हाई ठिवायची." त्यांनी झाकणावर हात ठेवला. "हिच्यात काय अंधार हाय?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दाराशी नवरा उभा होता, त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी ट्रक आला. सासूबाईंनी रात्रीपासून नऊही गणपती खिडकीत मांडून ठेवले होते, सकाळचं ऊन खायला. आता त्यांना माहीत झालं होतं की आधी उजेड पाजावा लागतो. आठ गणपती आठ ट्रंकांत गेले, नववा रुमालात बांधून त्यांच्या हातातल्या पिशवीत. नवरा हातात यादी घेऊन ट्रंका मोजत उभा होता. ही यादी सरकारी, नऊची. आठवी चढली आणि तो सवयीने म्हणाला, "एक कमी आहे."

"कमी कशी आसंल," सासूबाई पायरीवरून म्हणाल्या. "जयपूर मागीतलंवतं त्येनी. मिळालं."

नवऱ्याने खिशातून पेन काढलं. नववी ओळ खोडली नाही. तिच्यापुढे लिहिलं, बदली, जयपूर, आणि खाली सही केली.